३,५८४ कोअर इकडेही, ३,५८४ कोअर तिकडेही: जुन्या-नव्या ग्राफिक्स कार्डांचे तक्ते कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: हाताशी २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय आहे, मदरबोर्ड पीसीआयई ३.० चा (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा मार्ग). बदलायचं म्हणून आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० यांची स्पेसिफिकेशन्स शेजारी ठेवली, तर नवी कार्डंच मागे गेल्यासारखी दिसतात. कोअर तेवढेच किंवा कमी, बस (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) अरुंद, बँडविड्थ (त्यावरून सेकंदाला जाणारा डेटा) कमी, ४०६० ला तर मेमरीही कमी. मग नव्यात नवं काय, आणि असे तक्ते ताडायचे कसे?

तक्त्यातले सगळे आकडे एका मापाचे नसतात. मेमरी किती, ती सेकंदाला किती डेटा पुरवते, कार्ड किती वॉट ओढतं, स्लॉटच्या किती लेन, म्हणजे डेटाच्या मार्गिका, वापरतं, या आकड्यांचा अर्थ कुठल्याही पिढीत तोच राहतो. कोअर, क्लॉक आणि टेराफ्लॉप्स या तिघांचं तसं नाही. एकाच आर्किटेक्चरमधल्या दोन कार्डांसाठी ते उत्तम चालतात. पिढी ओलांडली की कुचकामी. गंमत म्हणजे पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेले असतात ते हेच तीन.

आधी आकडे समोर घेऊ. १०८० टीआय: ३,५८४ कोअर, बूस्ट क्लॉक १,५८२ मेगाहर्ट्झ, ११ जीबी जीडीडीआर५एक्स, ३५२ बिटची बस, सेकंदाला ४८४ जीबी बँडविड्थ, २५० वॉट. ३०६०, म्हणजे २०२१ चं मूळ १२ जीबीचं मॉडेल: ३,५८४ कोअर, १,७७७ मेगाहर्ट्झ, १९२ बिट, ३६० जीबी, १७० वॉट. आणि २०२३ चं ४०६०: ३,०७२ कोअर, २,४६० मेगाहर्ट्झ, ८ जीबी, १२८ बिट, २७२ जीबी, ११५ वॉट.

टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणिती क्रिया, हा आकडा कुठून येतो ते एकदा हाताने काढून बघा, म्हणजे त्याचा दरारा कमी होईल. कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन. दोन अशासाठी, की एक कोअर एका फेरीत गुणाकार आणि बेरीज अशा दोन क्रिया एकदम उरकतो असं धरलेलं आहे. १०८० टीआयचे ३,५८४ × २ × १.५८२ म्हणजे सुमारे ११,३४० गिगाफ्लॉप्स, अर्थात ११.३ टेराफ्लॉप्स. त्याच हिशोबाने ३०६० चे १२.७ आणि ४०६० चे १५.१. हा आकडा कुणी कार्ड चालवून मोजलेला नसतो. प्रत्येक कोअरला प्रत्येक फेरीत काम मिळालं, कुणालाच मेमरीची वाट बघावी लागली नाही, आणि सगळं काम दशांश आकड्यांचंच होतं, असं धरून काढलेली ती कमाल मर्यादा आहे. शिवाय छापलेला बूस्ट क्लॉकही सगळ्यांचा सारखा नसतो. ही तिन्ही कार्डं बनवणारी एनव्हिडिया सावध आकडा छापते. चांगला कूलर असलेलं १०८० टीआय खेळताना सहज १,८०० च्या वर धावतं. तिची प्रतिस्पर्धी एएमडी आरडीएनए या रचनेपासून ‘गेम क्लॉक’ आणि ‘बूस्ट क्लॉक’ असे दोन आकडे देते, त्यातला दुसरा वरचं टोक असतो.

आता प्रत्यक्षात काय होतं? रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग काढून उजेड-सावल्या दाखवण्याची पद्धत) नसलेल्या जुन्या खेळांत १०८० टीआय आणि ३०६० जवळपास बरोबरीत चालतात, बऱ्याचदा १०८० टीआय किंचित पुढे. कोअर सारखे, वेगही सारखा, म्हणजे कोअर मोजणं बरोबरच होतं की, असं कुणीही म्हणेल. पण या दोघांच्या मधल्या पिढीतलं, २०१९ चं आरटीएक्स २०७० सुपर घ्या. त्यात फक्त २,५६० कोअर आहेत, टेराफ्लॉप्स जेमतेम ९. कागदावर दोघांच्याही मागे. खेळांत मात्र ते १०८० टीआयच्या तोडीस तोड आहे, आणि ३०६० ला तर ते स्पष्टपणे मागे टाकतं.

यामागची गोष्ट जरा खोलात जाऊन बघण्यासारखी आहे. एनव्हिडियाच्या चिपमध्ये कोअर सुटे नसतात, ते एसएम नावाच्या गटांत असतात. पास्कल पिढीच्या, म्हणजे १०८० टीआयच्या, एका एसएममध्ये १२८ कोअर. दशांश आकड्यांचं काम असो की पूर्णांकांचं, सगळा भार त्यांच्यावरच. ट्युरिंगमध्ये, म्हणजे २० मालिकेत, एसएममध्ये दशांशासाठी ६४ कोअर ठेवले आणि पूर्णांकांसाठी वेगळे ६४ दिले. मोजताना मात्र फक्त पहिले ६४ ‘कोअर’ म्हणून मोजले. अँपिअरमध्ये, म्हणजे ३० मालिकेत, त्या पूर्णांकवाल्या ६४ ना दशांशाचंही काम करता येईल अशी सोय केली, आणि लगेच पुन्हा १२८ कोअर म्हणून मोजायला सुरुवात केली.

खेळात पूर्णांकांचं काम कमी नसतं. मेमरीतले पत्ते काढणं, टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) कुठून वाचायचं ते ठरवणं, तुलना करणं, हे सगळं त्यातच येतं. ट्युरिंग आणताना एनव्हिडियानेच सांगितलं होतं, की खेळांच्या शेडरमध्ये (रंग-उजेड ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) दर १०० दशांश सूचनांमागे साधारण ३६ पूर्णांक सूचना असतात. पास्कलमध्ये या १३६ सूचना एकाच रांगेतून जातात. ट्युरिंगमध्ये १०० एका रांगेत, ३६ शेजारच्या रांगेत. म्हणजे ट्युरिंगचा एक मोजलेला कोअर पास्कलच्या साधारण १.३६ कोअरइतकं काम उरकतो. २,५६० ला १.३६ ने गुणा: ३,४८० च्या आसपास येतात. म्हणजे २०७० सुपर आणि १०८० टीआय बरोबरीत का, ते कळलं. हिशोब ढोबळ आहे, कॅशे (चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आणि शेड्युलिंगमधल्या सुधारणा त्यात धरलेल्या नाहीत, पण दिशा बरोबर आहे. अँपिअरमध्ये पूर्णांकांचं काम आलं की ते १२८ पैकी ६४ कोअर अडवतं, म्हणून त्याचा मोजलेला कोअर परत पास्कलच्या कोअरइतकाच उरतो. १०८० टीआयमध्येही २८ एसएम, ३०६० मध्येही २८ एसएम, प्रत्येकात १२८. त्यामुळे तुमच्या जोडीत कोअरची तुलना खरी ठरली ती निव्वळ योगायोगाने.

याच मोजणीमुळे २०२० मध्ये अनेकांचा अपेक्षाभंग झाला. २०८० टीआयचे ४,३५२ कोअर, ३०८० चे ८,७०४. बरोबर दुप्पट. टेराफ्लॉप्स १३.४ वरून २९.८ वर. वेग मात्र ४के ला तीस टक्क्यांच्या आसपासच वाढला. कार्ड उत्तमच होतं, पण दुपटीचं चित्र कागदावरचंच होतं.

एएमडीकडे याहून बोलकं उदाहरण आहे. २,०४८ हा त्यांचा आवडता आकडा दिसतो. २०१२ च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या रेडिऑन एचडी ७९७० मध्ये २,०४८ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीच्या भाषेत कोअर) होते. २०१७ च्या आरएक्स ५७० मध्ये २,०४८. २०२३ च्या आरएक्स ७६०० मध्ये २,०४८. २०२५ च्या आरएक्स ९०६० एक्सटीमध्येही २,०४८. एवढ्या वर्षांत आकडा जागचा हलला नाही आणि कार्ड मात्र कितीतरी पटींनी वेगवान झालं. ९२५ मेगाहर्ट्झचा क्लॉक ३ गिगाहर्ट्झच्या वर गेला, हे एक कारण. दुसरं, जुन्या जीसीएन रचनेत ६४ धाग्यांचा (एकदम चालणाऱ्या कामांचा) एक गट १६ कोअरच्या तुकडीवर चार फेऱ्यांत पुरा व्हायचा. आरडीएनएमध्ये ३२ धाग्यांचा गट एकाच फेरीत पुरा होतो, त्यामुळे कोअर रिकामे बसणं कमी झालं. २०१९ चं ५७०० एक्सटी कागदावर ९.७५ टेराफ्लॉप्सचं असूनही १२.७ च्या व्हेगा ६४ ला मागे टाकायचं ते यामुळेच.

पुढे एएमडीनेही मोजणीत तीच करामत केली. आरडीएनए ३ मध्ये एका कोअरला काही विशिष्ट जोड्यांमध्ये दोन सूचना एकदम देता येतात. टेराफ्लॉप्स काढताना तो दोनचा गुणक सरसकट लावला. परिणाम असा, की २,०४८ कोअरच्याच आरएक्स ६६५० एक्सटीवर ११ च्या आत टेराफ्लॉप्स आणि आरएक्स ७६०० वर २१ च्या वर. खेळांत दोघांमधला फरक मोजक्या टक्क्यांचा. प्रोग्रॅम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरला अशा जोड्या दरवेळी सापडत नाहीत, एवढंच त्याचं स्पष्टीकरण. म्हणून वेगळ्या पिढीतली कार्डं ताडताना मी कोअर आणि टेराफ्लॉप्सच्या ओळींवर बोट ठेवून त्या झाकतो आणि उरलेला तक्ता वाचतो.

उरलेल्यात पहिली मेमरी. बँडविड्थचं गणित सोपं: बसचे बिट भागिले ८, गुणिले मेमरीचा वेग. ३५२ भागिले ८ म्हणजे ४४, गुणिले ११ म्हणजे ४८४. ३०६० चं २४ गुणिले १५, ३६०. त्यामुळे नुसती बसची रुंदी बघून नाराज व्हायचं कारण नाही. ५०६० ची बस १२८ बिटचीच आहे, पण जीडीडीआर७ मुळे ती ४४८ जीबी देते, म्हणजे २५६ बिटच्या जुन्या ३०६० टीआयइतकी.

बसच्या रुंदीला मात्र आणखी एक अर्थ असतो, जो तक्त्यात लिहिलेला नसतो. जीडीडीआरची एक चिप बसचे ३२ बिट घेते. १२८ बिट म्हणजे चार चिपा, १९२ म्हणजे सहा, ३२० म्हणजे दहा. बराच काळ चिपा १ जीबी किंवा २ जीबीच्याच मिळायच्या. म्हणून ३०६० ला सहा चिपांत ६ नाहीतर १२ जीबी, असे दोनच सरळ पर्याय होते आणि त्याला १२ मिळाले. ३०८० ला दहा चिपांचे १० मिळाले, आणि खालचं कार्ड वरच्यापेक्षा जास्त मेमरीचं, असा विचित्र प्रकार घडला. ४०६० टीआयच्या १६ जीबीच्या मॉडेलमध्ये बोर्डाच्या मागच्या बाजूलाही चिपा लावून दुप्पट केली आहे. बस तीच, बँडविड्थ तीच २८८. १०८० टीआयचा हीटसिंक काढून पाहिलात तर जीपीयूभोवती चिपांच्या बारा जागा दिसतील आणि त्यातली एक रिकामी. तिथूनच ते ११ जीबी आणि ३५२ बिट आले.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. ४०६० ची बँडविड्थ १०८० टीआयच्या निम्म्याहून थोडीच जास्त, तरी ते सरासरीने त्याच्या पुढे कसं? उत्तर ज्या ओळीत आहे ती ओळ बऱ्याच तक्त्यांत नसतेच: एल२ कॅशे. १०८० टीआयला ती पावणेतीन एमबी, ३०६० ला ३ एमबी, ४०६० ला २४ एमबी. जो डेटा चिपच्या आतच सापडतो त्यासाठी मेमरीपर्यंत जावंच लागत नाही. एएमडीने २०२० मध्ये इन्फिनिटी कॅशे आणली ती याच विचाराने. ६८०० एक्सटीला १२८ एमबी होती. एचडी ७९७० ची बँडविड्थ २६४ जीबी आणि आरएक्स ७६०० ची २८८, अकरा वर्षांत वाढ नगण्य, आणि तरी ७६०० ला चालतं, कारण मध्ये ३२ एमबीची कॅशे आहे आणि रंगांचा डेटा दाबून पाठवण्याच्या पद्धतीही सुधारल्या आहेत.

पण कॅशे बँडविड्थची जागा कायमची घेत नाही. १०८०पी ला फ्रेमचा बराचसा भाग तिच्यात मावतो, ४के ला मावत नाही, आणि मग अरुंद बस उघडी पडते. ३०६० टीआय (४४८ जीबी, ४ एमबी एल२) आणि ४०६० टीआय (२८८ जीबी, ३२ एमबी एल२) शेजारी ठेवून चालवली तर हे स्वच्छ दिसतं: १०८०पी ला नवं पुढे, रिझोल्यूशन वाढवत गेलं की अंतर मिटत जातं, आणि ४के ला काही खेळांत जुनं पुढे निघतं. म्हणजे ‘कोणतं वेगवान’ याचं उत्तर तुमच्या मॉनिटरवर अवलंबून आहे.

मेमरी किती, हा प्रश्न वेगळाच. ती पुरेशी असली की जास्त असून वेग वाढत नाही. ती संपली की मात्र कार्ड एकदम गुडघे टेकतं. संपल्यावर डेटा पीसीआयईमधून मुख्य मेमरीत ये-जा करू लागतो. पीसीआयई ३.० च्या सोळा लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात. कार्डाची स्वतःची मेमरी ३६० देत असताना अचानक १६ वर यायचं. गोम अशी, की सरासरी एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) हे लपून राहतं. चित्र मध्येच अडकतं, टेक्श्चर धूसर राहून उशिरा उमटतं, ‘१ टक्का लो’चा, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा, आकडा कोसळतो. म्हणून चाचण्या वाचताना सरासरीच्या आधी तो आकडा बघा. सॉफ्टवेअर दाखवतं ती ‘वापरलेली’ व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) बऱ्याचदा राखून ठेवलेली असते, प्रत्यक्ष लागणारी त्याहून कमी, तेव्हा तो आकडा बघून घाबरू नका. मात्र नव्या मोठ्या खेळांत टेक्श्चर वर ठेवायचे असतील, तर ८ जीबी आता तोकडे पडतात, हे माझं स्पष्ट मत. ११ जीबीवरून ८ वर उतरणं मला पटत नाही.

मेमरीच्या आकड्यातही फसगत झालेली आहे. २०१४ चं जीटीएक्स ९७० ‘४ जीबी’चं होतं, पण त्यातले साडेतीनच पूर्ण वेगाचे, शेवटचा अर्धा जीबी संथ. २०१५ च्या सुरुवातीला ते उघडकीला आलं, आणि जाहीर केलेला आरओपी (तयार पिक्सेल मेमरीत लिहिणारे भाग) व एल२ कॅशेचा आकडाही चुकीचा होता हे एनव्हिडियाला मान्य करावं लागलं.

लेनचं प्रकरण तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण बोर्ड ३.० चा. ४०६० चा कनेक्टर पूर्ण लांबीचा दिसतो, पण आत जोडलेल्या लेन आठच. ४.० बोर्डावर आठ लेन म्हणजे ३.० च्या सोळा लेनइतकाच प्रवाह, तिथे काही बिघडत नाही. तुमच्या बोर्डावर तो निम्मा होऊन सेकंदाला ८ जीबीवर येतो. व्हीरॅम पुरत असेल तोवर फरक किरकोळ. ती भरली की दुहेरी मार. याचं सगळ्यात वाईट उदाहरण २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी: चारच लेन आणि ४ जीबी मेमरी. ३.० च्या बोर्डावर काही खेळांत ते इतकं ढेपाळायचं, की जुन्या बोर्डासाठी स्वस्त कार्ड म्हणून ते सुचवणं मी टाळायचो. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नव्हता, जो त्याआधीच्या स्वस्त कार्डांत असायचा. नव्या कार्डात एखादी गोष्ट काढून टाकलेली असू शकते, हे तक्ता कधी सांगत नाही.

नावांवर तर अजिबात विसंबू नका. जीटी १०३० दोन प्रकारांत आलं. जीडीडीआर५ चं ४८ जीबी बँडविड्थचं, आणि नंतर डीडीआर४ चं, जेमतेम १७ जीबीचं. नाव एकच. १०६० चं ३ जीबीचं मॉडेल फक्त मेमरीत कमी आहे असं वाटायचं, पण त्यात कोअरही १,२८० ऐवजी १,१५२. ३०६० चं नंतर आलेलं ८ जीबीचं मॉडेल १२८ बिटचं आहे, बँडविड्थ ३६० वरून २४० वर, तेव्हा ३०६० घ्यायचं ठरलंच तर १२ जीबीचंच घ्या. ३०५० चं ६ जीबी मॉडेल तर वेगळंच कार्ड म्हणावं असं आहे. जुन्या बाजारात ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ दिसतं, ते नावाने ५८० असलं तरी आतून ५७० आहे. लॅपटॉपची तऱ्हा तर विचारूच नका. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप असते, १६ जीबी मेमरीसकट, आणि वॉटची मर्यादा लॅपटॉप बनवणारा ठरवतो. २०२२ मध्ये एनव्हिडियाने ४०८० च्या नावाने १६ आणि १२ जीबीची दोन वेगळी कार्डं जाहीर केली होती. ओरड झाल्यावर १२ जीबीचं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय म्हणून आणलं.

वेगाबरोबर, काही बाबतीत वेगाच्याही आधी, कार्डाला काय *येतं* ते बघावं लागतं. इथे १०८० टीआयचं वय दिसतं. त्यात रे ट्रेसिंगचे वेगळे कोअर नाहीत, एआयच्या गणितासाठीचे टेन्सर कोअर नाहीत, नव्या खेळांच्या सोयींचा डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट हा संच नाही, मेश शेडर नाहीत. बराच काळ याने काही अडलं नाही. पण डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस हे दोन्ही खेळ रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय चालायचेच नाहीत असे बनवले गेले. तिथे ४८४ जीबीची बँडविड्थ काही कामाची नाही. एएमडीचं ५७०० एक्सटीही याच कारणाने अडतं, ते २०१९ चं असूनही. आणि जानेवारी २०१९ मध्ये घोषित झालेलं, कागदावर कमजोर असलेलं आरटीएक्स २०६० या बाबतीत दोघांच्या पुढे.

ड्रायव्हरही त्यातच धरा. मॅक्सवेल (पास्कलच्या आधीची पिढी) आणि पास्कल कार्डांसाठीचे नेहमीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच राहतील, त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा अपडेट तेवढे मिळतील, असं एनव्हिडियाने जाहीर केलं. कार्ड त्यामुळे बंद पडत नाही. नव्या खेळात काही बिघडलं तर दुरुस्ती येणार नाही, इतकंच.

व्हिडिओचं काम करणाऱ्यांसाठी अजून एक ओळ: एव्ही१ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीचं डिकोडिंग ३० मालिकेपासून, एन्कोडिंग ४० मालिकेपासून, १०८० टीआयला दोन्ही नाही. आणि एआयची मॉडेल्स घरच्या घरी चालवायची असतील तर १०८० टीआय सोडाच. त्याचा १६ बिटचा वेग ३२ बिटच्या चौसष्टावा हिस्सा ठेवलेला आहे. खेळांत बरोबरीत असलेलं ३०६० इथे त्याला कुठल्या कुठे मागे टाकतं, आणि १२ जीबीमुळे या कामात आजही टिकून आहे.

कंपन्यांचे तुलनेचे आलेख वाचताना खालची बारीक अक्षरं आधी वाचा. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० दाखवताना ते ४०९० च्या तोडीचं असल्याचं एनव्हिडियाच्या मंचावरून सांगितलं गेलं. ५०७० मध्ये ६,१४४ कोअर, १२ जीबी, ६७२ जीबी बँडविड्थ. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर, २४ जीबी, १,००८ जीबी. बरोबरी कशी? ५०७० खऱ्या एका फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम घालत होतं, ४०९० एकच घालू शकत होतं. बनवलेल्या फ्रेम डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच ठरतो. मी फ्रेम जनरेशनच्या विरोधात नाही, मूळ वेग ६० च्या वर असेल तर ते छान वाटतं. तुलना करताना मात्र दोन्हीकडे ते बंद ठेवलेले आकडेच धरा.

वॉटचा आकडा सरळ आहे, त्यावर फार लिहीत नाही. २५० वॉटच्या जागी ११५ किंवा १७० म्हणजे तुमचा पॉवर सप्लाय निवांत. वरच्या कार्डांकडे गेलात तर १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत बसला आहे ना, हे नखाने चाचपून बघा. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याचे प्रकार घडलेले आहेत.

तर तुमच्यासाठी. १०८०पी किंवा १४४०पी ला जुने आणि मधल्या काळातले खेळ खेळत असाल, तर ३०६० घेऊन हाती फारसं काही लागणार नाही. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहतील. ४०६० थोडं पुढे जाईल, पण ११ जीबीवरून ८ वर आणि आठ लेनवर, तेही ३.० बोर्डावर. या दोघांपैकी एक घ्यावंच लागलं तर रे ट्रेसिंग सक्तीचे खेळ आणि एआय यांसाठी १२ जीबीचं ३०६०, आणि वीज कमी, एव्ही१ एन्कोडिंग हवं असेल तर ४०६०. माझा कल मात्र एक पायरी वर जाण्याकडे आहे. १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी बघा: बँडविड्थ ३२० जीबी, म्हणजे तुमच्या कार्डापेक्षा कमीच, पण ३२ एमबी कॅशे, आणि मुख्य म्हणजे लेन पूर्ण सोळा. ५०६० टीआय १६ जीबी त्याच वर्गातलं, बँडविड्थ ४४८, डीएलएसएस (एआयने चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) मिळतं, पण लेन आठ. तुमच्या बोर्डावर मी पहिलं बसवेन. आधी एक मात्र तपासा: खेळताना जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहतो का? ६०-७० वर घुटमळत असेल तर अडवणारा सीपीयू आहे, आणि कुठलंही कार्ड घातलं तरी आकडा हलणार नाही.

वापरलेलं कार्ड घेणार असाल तर पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. चिपचं नाव, कोअर, बसची रुंदी आणि मेमरीचा प्रकार मूळ तक्त्याशी जुळवा. बायोस बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेली एनव्हिडिया कार्डं ते बऱ्याचदा ‘फेक’ म्हणून दाखवतं. ‘बस इंटरफेस’च्या रकान्यात शांत असताना ‘एक्स१६ १.१’ दिसलं तर ते बिघाडाचं लक्षण नाही, वीज वाचवायला कार्डाने वेग उतरवलेला असतो. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा, आकडा ३.० वर चढला पाहिजे. कार्ड सोळा लेनचं असून भार देऊनही लेन आठ किंवा चारच दिसत राहिल्या, तर कार्ड काढून सोनेरी पट्टीचे कॉन्टॅक्ट पुसा आणि प्रोसेसरजवळच्या पहिल्या स्लॉटमध्ये परत बसवून पुन्हा बघा. तरी फरक पडला नाही तर ते कार्ड परत करा.